विहिरीच्या काठावर मी सोडलेला दोर

मुलंसुद्धा कालव्यात पोहतात. हे वाक्य मी सगळ्यांत आधी लिहिते आहे, कारण गेल्या खेपेला ते माझ्या वहीत होतं आणि मी ते खोडलं.

मी चळवळीच्या पत्रकांच्या घरात वाढले. आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर पत्रकांच्या घड्या घातल्या जायच्या. मला अक्षरओळख झाली ती ठळक मथळ्यांवरून. आई सांगायची, एका पत्रकात एकच खिळा ठोकायचा; दोन ठोकले की लाकूड फाटतं. हे मी इतकं पाठ केलं होतं की लाकूड कुणाचं, हे विचारायचं कधी सुचलं नाही.

शिरूरच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या मैत्रिणीने सांगितलं, की विद्यापीठाच्या विभागीय जलतरण स्पर्धेला त्यांची मुलं जीपने जातात आणि मुली एस.टी.ने, स्वतःच्या तिकिटाने. स्पर्धा दौंडला होती. मी चार दिवसांचे कपडे, वही आणि भरपूर संताप घेऊन पुण्याहून निघाले.

शिरूर

स्टँडवर सुवार्ता मोपेड घेऊन उभी होती. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, शंभर मीटर फ्रीस्टाइल. रुंद खांदे आणि मानेवर कापलेले केस. पाण्याचा त्रास नको म्हणून तिने ते कापले, पण गल्लीतल्या बायका अजून विचारतात, टायफॉइड झाला होता का? "मी व्हय म्हणते," ती म्हणाली. "लवकर सुटका होते."

मुक्काम तिच्याच घरी होता, चर्चच्या मागच्या आळीत. तिची आई एका दवाखान्यात नर्स आहे. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, कांद्याची पात आणि शेंगदाण्याची चटणी असं ताट समोर आलं आणि मी पहिला घास घेतला. मग वर पाहिलं, तर मायलेकी डोळे मिटून बसलेल्या. आमच्या घरी जेवणाआधी वाद होतो, प्रार्थना नाही. तोंडातला घास चावताही येईना, गिळताही येईना. काकूंनी शांतपणे अन्नासाठी आभार मानले आणि शेवटी म्हणाल्या, "बापा, घरी आलेल्या ह्या लेकीच्या लेखणीला आशीर्वाद दे." मी घास गिळला आणि त्यांच्याबरोबर आमेन म्हणून टाकलं.

दुपारी कॉलेजात जगदाळे सर भेटले. हे कंत्राटावरचे क्रीडाशिक्षक. त्यांच्या खोलीत क्रिकेटचे पॅड, हवा गेलेले व्हॉलीबॉल आणि एकच खुर्ची होती. ती मला देऊन ते गाद्यांच्या थप्पीवर बसले. मी विचारेन ते सगळं त्यांनी सांगितलं. मुलांचा संघ पूर्ण आहे, म्हणून त्यांना जीप, जॅकेट, पोहण्याचा पोशाख. मुली दोनच. चार असल्या तर संघ धरतात, आणि संघ नसेल तर निधी नाही. आणि निधी नाही म्हणून तिसरी मुलगी येत नाही. "गोल हाय मॅडम," ते म्हणाले, "कुठून बी सुरू करा." सुवार्ताच्या अंगातलं जॅकेट आदल्या वर्षीच्या मुलांच्या जॅकेटांतलं उरलेलं होतं आणि मांडीपर्यंत येत होतं.

हायवेलगतचा एक खाजगी तलाव कॉलेज मुलांसाठी सकाळी तासभर भाड्याने घेतं. तिथे बायकांची वेळच नाही. मालक म्हणतो, लेडीज बॅचला लेडीज कोच आणा, मग बघू. प्रवेशअर्जात सरावाचं ठिकाण विचारलेलं असतं. सर सगळ्यांच्या अर्जावर हाच तलाव लिहितात. "खरं लिहिलं की फॉर्म परत येतो," असं ते म्हणाले, आणि मी ते उतरवून घेते आहे हे त्यांना दिसत होतं. मग सहज त्यांनी पुढचंही सांगितलं. मुलं तरी तलावावर कुठं जातात रोज? थंडीत ते पाणी बर्फ असतं. आठवड्यातून दोनदा जातात, बाकीचे दिवस चासकमान धरणाच्या कालव्यात उड्या मारतात.

तेही मी लिहिलं.

विहीर

गाव कोणतं ते या वेळी सांगत नाही. शिरूरहून मोपेडने अर्ध्या तासाच्या आत पोचतो, एवढं पुरे. दुसरी पोहणारी मुलगी, पल्लवी, तिथली. विहीर तिच्या आजोबांची. त्यांना सगळे आबा म्हणतात. चारी बाजूंनी कांद्याची रोपं, एका कोपऱ्यात म्हशींचा गोठा.

सरावाचं वेळापत्रक वीज मंडळाच्या हातात आहे, ही गोष्ट मला पुण्यात बसून कधी कळली नसती. एक आठवडा शेतीची लाईट दिवसा असते, एक आठवडा रात्री. लाईट असली की मोटार चालते, पाणी खाली जातं आणि उतरायची पायरी सुटते. म्हणून ज्या आठवड्यात लाईट रात्री, त्या आठवड्यात सराव दिवसा. दुसऱ्या आठवड्यात पहाटे मोटार सुरू व्हायच्या आत. रविवारी सुट्टी, कारण सुवार्ता चर्चला जाते. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट असतं. सकाळी त्यावर वाफ दिसते.

विहिरीत शंभर मीटर कुठून आणणार? या मुलींनी तोड काढली आहे. पोहणारीच्या कमरेला दोर बांधायचा, तो काठावरच्या लोखंडी खांबाला एक वेढा देऊन दुसरं टोक वर बसलेल्या मुलीने हातात धरायचं. खालची जिवाच्या आकांताने पोहते आणि आहे तिथेच राहते. वरची हात मोजते. दोराच्या ओढीवरून तिला कळतं की खालची दमली, की पाय आखडला, की नुसतीच आळस करते आहे. दोर ढिला पडला तर ओढून घ्यायचं. दोर धरणारीने बोलायचं नाही, मोबाईल बघायचा नाही. पल्लवी स्वतः भारी बडबडी, पण दोर हातात आला की तिचं तोंड कुलूप लावल्यासारखं बंद व्हायचं.

मला पोहता येत नाही. तरी दुसऱ्या फेरीला पल्लवीने दोर माझ्या हातात दिला. मान म्हणूनच दिला असावा. मी तो धरला. ओला, जड, जिवंत दोर होता. सुवार्ताचा प्रत्येक हात माझ्या तळव्यात कळत होता. मोजणी साठाच्या पुढे गेली आणि मला एक वाक्य सुचलं. फार चांगलं वाक्य होतं. विसरेन म्हणून मी दोर गुडघ्याखाली दाबला आणि वही काढली.

दोर सर्रकन सुटला. सुवार्ता पूर्ण जोरात होती. ती समोरच्या दगडावर जाऊन आदळली. कोपर सोलवटलं. वर आली तेव्हा हातातून रक्त येत होतं आणि ती हसत होती. पल्लवी हसली नाही.

"ताई, दोर सोडायचा नसतो," ती म्हणाली. "दुसऱ्या टोकाला माणूस हाय."

मी दहा वेळा माफी मागितली. आबांनी हळद आणवली, चहा सांगितला आणि विषय बदलायला म्हणून जुनं काहीबाही सांगू लागले. त्यांच्या बहिणी पाठीला वाळका भोपळा बांधून याच विहिरीत शिकल्या. "ह्या हिरीत आजवर कुणी बुडालं न्हाई," ते म्हणाले. "हितं कुणी एकलं उतरतच न्हाई."

निघताना सुवार्ताने विचारलं, "ताई, छापायच्या आधी वाचायला द्याल ना?"

मी म्हणाले, "अगं, म्हणजे काय."

दुसऱ्या दिवशी छापखान्यात गेले तर मालकाच्या घरी लग्न. दोनला शटर बंद होणार होतं. सुवार्ताचं प्रॅक्टिकल पाचपर्यंत. मी घड्याळ पाहिलं आणि पत्रकाचा मजकूर तिला न दाखवताच देऊन टाकला. मथळा होता: मुले तलावात, मुली विहिरीत! पान भरगच्च झालं होतं, एक ओळ कमी करायला हवी होती. मी कालव्याची ओळ खोडली. जागा नव्हती हे खरं. पण जागा असती तरी मी ती खोडली असती, कारण मथळा बोथट होत होता. एका पत्रकात एकच खिळा. पिवळ्या कागदावर दोनशे प्रती निघाल्या. शाईचा वास घेत मी खूश होऊन परतले.

दौंडच्या वाटेवर

शनिवारी मुलांची जीप उजाडायच्या आत गेली. जीपमध्ये एक जागा रिकामी होती. जगदाळे सरांनी ती घेतली नाही, ते आमच्याबरोबर एस.टी.त आले. ही गोष्ट माझ्या पत्रकात बसली नसती, म्हणून मला तेव्हा ती दिसलीही नाही.

न्हावऱ्याच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या. हंगाम नुकता सुरू झाला होता. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्याने लावलेली की आमच्या गाडीच्या काचा थरथरत होत्या. भीमेच्या पुलावरून नदी दिसली. पल्लवी म्हणाली, हितं पवायला लावलं असतं तर स्पर्धेची फीच भरावी लागली न्हसती. चौफुल्याला गाडी बदलली. काकूंनी दिलेले धपाटे आणि लसणाची चटणी आम्ही उभ्यानेच खाल्ली. पाटसजवळ कारखान्याच्या मळीचा गोडसर, आंबूस वास गाडीत शिरला आणि बराच वेळ गेला नाही.

सुवार्ता खिडकीपाशी बसली होती. दुसरं कुणी ऐकत नाही असं पाहून तिने मला सांगितलं, की हे तिचं शेवटचं वर्ष. पहिल्या दोघींना विद्यापीठाच्या निवड शिबिराला बोलावतात. विद्यापीठाच्या संघात एकदा नाव लागलं, की पोहण्याच्या प्रशिक्षकाच्या कोर्सला अर्ज करता येतो. मग शिरूरला परत येऊन त्या तलावमालकाला सांगायचं, ही घ्या लेडीज कोच, आता काढा लेडीज बॅच. आईला सोडून हे कुणालाच बोलले नाही, म्हणाली. मग माझ्या मांडीवरच्या गठ्ठ्याकडे बघून विचारलं, हे काय?

मी म्हणाले, "सरप्राईज."

तलाव

दौंड हे रेल्वेचं गाव. तलावावर बसलं तरी मालगाडीचं धडधडणं पायांखाली जाणवतं. पायऱ्यांवर आठ-दहा कॉलेजांची मुलं, थोड्या मुली, एका टेबलामागे आयोजन समिती. मुली कपडे बदलायला गेल्या आणि मी गठ्ठा सोडला. आधी टेबलावर, मग पायऱ्यांवर. लोक वाचत होते. एक पालक मला येऊन म्हणाले, बरं झालं कुणीतरी लिहिलं. माझे पाय जमिनीवर नव्हते.

समितीचे सचिव पन्नाशीचे, मवाळ गृहस्थ. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि जगदाळे सरांना बोलावलं. सरांच्या पाठोपाठ मी गेले. पोशाखावर टॉवेल गुंडाळलेल्या सुवार्ता आणि पल्लवी मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात तोवर कुणीतरी पिवळा कागद दिला होता.

सचिवांनी एक वाक्य मोठ्याने वाचलं: "'काठावर कसलीही सुरक्षा नसताना, खोल विहिरीत, या मुली रोज जीव धोक्यात घालून सराव करतात.'" मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "चांगलं लिहिलंय तुम्ही."

हेच ते वाक्य. दोर सोडून मी लिहून घेतलं ते.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. अर्जावर तलाव लिहिला आहे आणि पत्रकात विहीर. म्हणजे अर्ज चुकीचा. शिवाय सुरक्षा नाही असं छापून वाटलेलं आहे. आज पाण्यात काही झालं आणि हा कागद वर गेला, तर कुणी उत्तर द्यायचं? कॉलेजचं प्रमाणपत्र येईपर्यंत दोन्ही मुलींचा प्रवेश थांबवावा लागेल. शनिवार होता; कॉलेजात प्रमाणपत्र द्यायला कुणी नव्हतं.

मी भांडले. मला भांडता येतं. निधी, संघाची अट, जीप, जॅकेट, सगळं म्हणाले, आणि त्यातलं काहीही खोटं नव्हतं. सचिव मान डोलवत राहिले. शेवटी मी म्हणाले, मग मुलांचं काय? मुलंसुद्धा कालव्यात पोहतात. वाहत्या कालव्यात. त्यांच्या अर्जावरही तलावच आहे.

"असेल," ते म्हणाले. "तसं लेखी काही न्हाई माझ्याकडं."

ते चिडून बोलले नाहीत. पिवळ्या कागदावर बोट ठेवून बोलले.

त्या टेबलाशी उभी असताना मला माझंच कळलं. कालव्याची ओळ खोडताना मला ती धोक्याची वाटलीच नव्हती. मुलं पोहतातच की कालव्यात. त्यात काय सांगायचं? आणि मुली विहिरीत उतरल्या की मात्र मला दया आली, उद्गारचिन्ह आलं. मुलं माझ्या लेखी पोहणारी होती आणि मुली बुडू शकणाऱ्या. समान वागणुकीवर पत्रक काढणारी मी. तलावमालक आणि मी, दोघांच्या नजरेत फरक काढायला बसलं तर फार सापडला नसता.

पल्लवी काही बोलणार होती, सुवार्ताने तिचा दंड धरला. पत्रकाची नीट चौकोनी घडी घातली आणि ती मला परत दिली. "सुरक्षा न्हाई कसं लिहिलंत ताई?" तिने विचारलं. "तुम्हीच दोर धरला होता की."



मुलींची शंभर मीटर झाली. आम्ही चौघं पायरीवर बसून ती पाहिली. आमची मुलं पोहली. रिलेमध्ये तिसरी आली आणि सुवार्ताने त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. दुपारी तलाव रिकामा होऊ लागला, तेव्हा वेळ नोंदवणाऱ्या बाई आमच्याजवळ आल्या. कुठल्याशा शाळेत शिकवत असाव्यात. साडीवर पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. त्यांनी सुवार्ताला विचारलं, आली आहेस तर पोहणार का? नोंद होणार नाही, पण घड्याळ माझ्याकडे आहे.

सुवार्ता उतरली. पाणी थंडगार होतं. पहिल्यांदाच मी तिला दोराशिवाय पोहताना पाहिलं, आणि ती नुसती सुटली. जाऊन वळली, आली, पुन्हा वळली. बाईंनी घड्याळ दाबलं, बघितलं, फलकावरच्या आकड्यांकडे बघितलं आणि घड्याळ तिच्यापुढे धरलं. मग माझ्यापुढे. मी तो आकडा वहीत लिहिला. तो कुठल्याच दुसऱ्या कागदावर नाही.

परतीच्या गाडीत कुणी मला टाकून बोललं नाही. पाटसला सरांनी सगळ्यांसाठी भेळ घेतली. भेळवाल्याकडे कागद संपले होते. पल्लवीने माझ्या पिशवीतली उरलेली पत्रकं काढून त्याला दिली. भेळ चांगली होती. शाई थोडी शेवेला लागली.

पुन्हा

पंधरा दिवसांनी मी परत गेले. समितीने जगदाळे सरांकडून खुलासा मागवला होता. मी त्यांच्या बाजूने निवेदन देते म्हटलं तर त्यांनी हात जोडले. "नको मॅडम, ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाले. शिबिराची यादी लागून गेली होती. यादीतल्या दोघी ज्या वेगाने पोहल्या तो मी पाहिला होता, आणि माझ्या वहीतला आकडाही मला माहीत होता.

पत्रक फोनवरून गावात पोचलं होतं. विहिरीवर जाळी बसवा म्हणून चार माणसं आबांकडे येऊन गेली होती. आबांनी जाळी बसवली. पायरीपाशी मात्र दार ठेवलं होतं, किल्ली पल्लवीकडे. "तुम्ही लिवलं तवा मला कळलं, माझी हीर धोक्याची हाय," ते म्हणाले, आणि चहा सांगितला. तो चहा मला हळदीच्या काढ्यासारखा गिळावा लागला.

हे प्रवासवर्णन मी हाताने लिहून नेलं होतं. सुवार्ताने गोठ्याच्या ओट्यावर बसून ते सगळं वाचलं. गावाचं नाव खोडलं. घड्याळातला आकडा खोडला; म्हणाली, तो पुढच्या वर्षी मी खुल्या स्पर्धेत काढीन, तवा छापा. आणि कालव्याची ओळ, जी मी मध्ये कुठेतरी कबुलीसारखी घातली होती, तिच्याभोवती गोल करून वरपर्यंत बाण काढला. "हे पयलं टाका."

रात्रीच्या लाईटचा आठवडा होता. पल्लवीने दार उघडलं, सुवार्ताने कमरेला दोर बांधला. काठावर माझ्याशिवाय तिसरी कुणी नव्हती, पल्लवीलाही पाण्यात उतरायचं होतं. तिने दोराचं टोक उचललं आणि थांबली.

"वही कुठंय?"

"पिशवीत."

"पिशवी कुठंय?"

"आबांपाशी, घरात."

तिने क्षणभर माझ्या हातांकडे पाहिलं. "मग धरा."

मी तासभर दोर धरून होते. त्या तासात मी काहीही लिहिलं नाही, म्हणून त्याचं वर्णन इथे नाही.